कोंडसईत सगळे सुरक्षित

वादळ आले त्या संध्याकाळी कोंडसईत एकशे सहा घरे होती. वरच्या वाडीत एकशे एक्केचाळीस माणसे, मधल्या वाडीत एकशे बारा आणि खाडीलगतच्या खालच्या वाडीत एकसष्ट, अशी तीनशे चौदा माणसे होती. शिवाय एक शाळा, दोन देवळे, एक भाताची गिरणी, कोकमाचे सरबत करणारा एक छोटा कारखाना, आणि माडांच्या खोडांना पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या अकरा राखाडी पेट्या.

शाल्मली भाटकरला हे आकडे पाठ होते. फोन जोडणाऱ्या त्या पेट्या तिनेच उभे राहून बांधून घेतल्या होत्या. कोंडसई तिचे गाव, आणि तो कोकमाचा कारखाना तिच्या थोरल्या बहिणीचा, वृंदाताईचा.

चक्रीवादळ जाऊन दुसरा दिवस होता. सगळ्या तालुक्यात वीज नव्हती. मोबाइलचे मनोरे आडवे झाले होते, जे उभे होते त्यांच्या बॅटऱ्या संपल्या होत्या आणि काचतंतूची केबल दोन पुलांबरोबर वाहून गेली होती. तरीही तहसील कचेरीच्या आवारात कठड्यावर बसून माणसे फोनवर बोलत होती. एक बाई मुलाला विचारत होती, गोठ्याचा पत्रा टिकला का. एक म्हातारा नातीचे काहीतरी ऐकून बोळक्याने हसत होता. मागच्या वादळात याच कठड्यावर माणसे डोक्याला हात लावून बसली होती, हे शाल्मलीने पाहिले होते. तेव्हा ती कॉलेजात होती आणि तिचाही जीव असाच टांगणीला लागला होता.

आत आपत्ती कक्षात जनरेटर घुरघुरत होता. भिंतीवरच्या फलकावर तालुक्याचा नकाशा दिसत होता. बहुतेक गावे हिरवी, पाच पिवळी, दोन लाल. कोंडसईच्या हिरव्या ठिपक्याशेजारी लिहिले होते : सुरक्षित ३१४.

"भाटकर मॅडम," नायब तहसीलदार गुरव चहाचा ग्लास टेबलावर ठेवत म्हणाले, "नोकरीत माझे केस गेले, पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी बूड टेकून चहा पितोय असं आजच घडतंय. तुमची ती दोरी एवढीशी, आणि तिच्यावरून अख्खा तालुका बोलतोय. हे होतं कसं ते एकदा नीट सांगा. कलेक्टरांनी विचारलं तर मला ततपप करायला नको."

"दोरी खरंच बारीक आहे, साहेब. सगळ्या गावांना मिळून उपग्रहाचा एकच धागा. एरवी त्यावर दहा माणसंसुद्धा धड बोलू शकणार नाहीत. म्हणून आमचं हे 'सातत्य' नावाचं तंत्र सगळं बोलणं पाठवतच नाही. फक्त फरक पाठवतं."

"कशातला फरक?"

"घरून फोन आला की वहिनींचं पहिलं वाक्य काय असतं?"

"'जेवलात का?' दुसरं काय असणार!"

"मग ते उपग्रहावरून आणायचं कशाला? वहिनींच्या बोलण्याचा ठसा तुमच्या फोनमध्ये आहे. फोन ते वाक्य इथल्या इथे, त्यांच्याच आवाजात म्हणतो. त्या काही वेगळं बोलल्या तर तेवढंच वेगळं वरून येतं. मधल्या रिकाम्या जागेत हा अंदाज भरतो. आम्ही त्याला भराव म्हणतो."

गुरवांनी थोडा विचार केला. "म्हणजे पंचवीस वर्षं मी जिच्याशी बोलतोय, तिच्याशी बोलायला ती लागतच नाही."

"साहेब!"

"नाही, मी आपलं समजून घेतलं. तिला नका सांगू."

शाल्मली हसली. भरावाची मर्यादा सुरुवातीला दोन सेकंदांची होती. धागा तेवढा वेळ तुटला तर बोलणे अडखळू नये, इतकाच हेतू. पण मागच्या वर्षीच्या सरावात एक गोष्ट लक्षात आली. पलीकडचा माणूस गप्प झाला की लोक घाबरतात, पुन्हा पुन्हा फोन लावतात, आणि त्या घबराटीनेच धागा गुदमरतो. मर्यादा उठवल्यावर सगळे सुरळीत चालले. म्हणून आपत्तीच्या काळासाठी मर्यादा काढून टाकली गेली. त्याच बैठकीत पेट्यांची नाडीही बंद झाली. एरवी प्रत्येक पेटी दर मिनिटाला 'मी आहे' असे कळवायची. आपत्तीत तेवढाही धागा वाया घालवायचा नाही असे ठरले. बदल झाला तरच बोलायचे. बदल नसेल तर गप्प राहायचे.

दुपारी तिने वृंदाताईला फोन लावला. सकाळपासूनचा हा तिसरा.

"बोल गो शालू."

"काय चाललंय?"

"काय चालणार? सगळं ठीक आहे. तू जेवलीस का?"

"जेवले. घर कसं आहे?"

"घर बरं आहे. पाऊसही थांबलाय. तू काळजी करू नकोस, आणि उगाच जागत बसू नकोस. तुझे डोळे दुखतात मग."

आवाज तोच होता. शब्दाच्या शेवटी हेल काढायची लकबही तीच. तरी फोन ठेवल्यावर शाल्मलीला कसलीशी रुखरुख लागून राहिली. तिने कॉल पुन्हा आठवून पाहिला. ताई बोलली ती फक्त स्वतःबद्दल. हेच वेगळे होते.

कोंडसईची माणसे फोनवर स्वतःबद्दल बोलत नाहीत. स्वतःचे सांगायचे म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखे वाटते. मे महिन्यात वीज गेली तेव्हा ताईने अर्धा तास तोडणकरांच्या माईची सून, खोतांचा बैल, पोस्टमनचा नवा चष्मा असे सगळे सांगितले होते. शेवटी शाल्मलीने "अगं, तू कशी आहेस?" असे विचारले तेव्हा "मला काय धाड भरलीय?" एवढेच उत्तर मिळाले होते. तीच ताई एवढ्या मोठ्या वादळानंतर शेजाऱ्यापाजाऱ्याचा एक शब्द काढत नव्हती.

तिने पुन्हा फोन लावला. "ताई, माईंच्या घराचं काय झालं?"

"माई बऱ्या आहेत. तू जेवलीस का?"

या वेळी शाल्मलीने डोळे मिटून ऐकले. ताईच्या आवाजामागे एक सलग घरघर होती. ती घरघर तिला लहान मुलाच्या श्वासासारखी ओळखीची होती. कोकमाचा आगळ, म्हणजे घट्ट रस, ठेवायचा मोठा डीप फ्रीझर. ताई फोनवर बोलते ती नेहमी त्याच्याच शेजारी उभी राहून. ठशात तोही आवाज गेला होता.

तालुक्यात दोन दिवस वीज नव्हती.

शाल्मलीने फोन खाली ठेवला. लॅपटॉपवर तिने फलकाच्या मागचे पान उघडले. ते फक्त तंत्रज्ञांसाठी होते. कोणत्या गावाकडून खरोखर किती मजकूर आला याची तिथे मोजणी होत असे. बाकीच्या गावांसमोर आकडे सरकत होते. कुठे पटापट, कुठे मुंगीच्या पावलांनी. कोंडसईसमोरचा आकडा हलत नव्हता. वादळाच्या संध्याकाळनंतर तिथून काहीही आले नव्हते. त्यानंतर त्या गावातल्या लोकांनी आपापल्या नातेवाइकांशी, या कक्षाशी, खुद्द तिच्याशी जे काही बोलणे केले होते, ते सारे इथल्याच फोनांनी रचलेले होते.

"गुरवसाहेब, इकडे या."

त्यांनी पान पाहिले. मग फलक पाहिला. "पण फलक तर हिरवा आहे."

"बदल कळला नाही म्हणून हिरवा आहे. बदल कळवणारी पेटीच गेली असेल तर फलक शेवटपर्यंत हिरवाच राहील."

"मॅडम, माझ्याकडे दोन बोटी आणि तीन पथकं आहेत. दोन गावं लाल आहेत. लाल सोडून हिरव्याकडे पथक पाठवलं आणि तिथे लोक पत्ते कुटत बसलेले निघाले तर?"

"पथक नको. एक गाडी द्या. मी जाऊन बघते."

त्यांनी कपाळ चोळले. "अन्वरला घेऊन जा. आणि तो कमरेचा उपग्रह संच न्या." मग ते थांबले. चेहऱ्यावर अर्धवट थट्टा होती. "एक सांगा. तुम्ही तिथून बोललात तर ते तुम्हीच बोलताय, हे मला कळायचं कसं? तुमचाही ठसा असेलच ना आमच्याकडे?"

शाल्मलीने याचा कधी विचार केला नव्हता. "तुम्हाला अंदाजच करता येणार नाही असं काहीतरी सांगेन," ती म्हणाली.

अन्वरभाई काझी कचेरीची जीप बारा वर्षे चालवत होते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाला शिवी घालत होते. आज गाडीत त्यांनी फक्त एकदाच तोंड उघडले. "मॅडम, माझी बायको मघाशी फोनवर म्हणाली, सगळं ठीक आहे, सावकाश गाडी चालवा. ती बोलली ना?"

"तुमच्या गावाकडून मजकूर येतोय, अन्वरभाई. मी बघितलंय."

"म्हणजे ती बोलली?"

"काही शब्द तरी तिचेच असतील."

त्यांनी मान हलवली आणि गिअर बदलला.

सड्याच्या पायथ्याशी रस्ता संपला. पुढचा मोरीसकट ओढ्यात गेला होता. ते पायी चढू लागले. शाल्मलीच्या हातातला संच सारखा थरथरत होता. वृंदाताईचे निरोप येत होते. 'सावकाश ये गो.' 'छत्री आणलीस का?' आपण निघालो हे तिने ताईला सांगितलेच नव्हते. वाटेतून कळवले होते ते फक्त गुरवांना, तेही याच संचावरून. ते ऐकून संचानेच पुढचे जुळवले असावे. तिने त्यातल्या एकालाही उत्तर दिले नाही.

वर जांभ्या दगडाचा उघडा, सपाट सडा लागला. त्याच्या टोकाला एक काळा कातळ आहे. कोकणात मोबाइल आल्यापासून कोंडसईत कुठेच रेंज नसली तरी या कातळावर उभे राहिले की पलीकडच्या तालुक्यातला मनोरा पकडता येई. वादळ झाले, पूर आला, वीज आठवडाभर गेली की सगळे गाव इथे चढून येई. एकाचा फोन लागला की तो स्वतःपुरते बोलत नसे. आजूबाजूला उभ्या असलेल्यांची नावे घेत जाई. खोतांकडे बरे आहेत म्हणावे, तोडणकरांकडे बरे आहेत म्हणावे, पोस्टमनच्या भावाला कळवा. नावे घेता घेता कोणीतरी म्हणे, "अरे, नार्वेकरांचं कोणीच कसं दिसत नाही?" मग दोघे-तिघे खाली उतरून नार्वेकरांकडे जात. या प्रकाराला गावात नाव नव्हते. रेंजसाठी चढायचे, एवढेच सगळे म्हणत.

आज कातळावर कोणी नव्हते. चिखलात पावलाचा एक ठसा नव्हता.

"पेट्या बसवल्यावर इथे कोण कशाला येईल?" अन्वरभाई म्हणाले. त्यांना टोचायचे नव्हते. शाल्मली वाडीच्या वाटेला लागली.

वरच्या वाडीत निम्म्या घरांवरची कौले उडाली होती. माड पडले होते. शाळेच्या छपरावर बसवलेली उपग्रहाची तबकडी मैदानात पालथी पडली होती. माणसे मात्र ओट्यांवर, पडव्यांत, ओल्या गोधड्या पांघरून शांत बसली होती. प्रत्येकाच्या हातात फोन होता. पेट्या सौर होत्या. आपापसात त्या अजून छान चालत होत्या.

"आलीस गो शालू?" तोडणकरांच्या माई ओट्यावरूनच ओरडल्या. "एकटीच? आणि ते बोटवाले कुठायत?"

"कुठले बोटवाले, माई?"

"अगो, कचेरीतून सांगतायत ना कालपासून! बोट निघालीय, घरातच थांबा, वाटेवर गर्दी करू नका. त्या गुरवसाहेबांचाच आवाज. किती गोड बोलतो माणूस! म्हणून तर कोणी हललं नाही."

आपल्याला इकडचे ऐकू येत होते तसे इकडे आपले ऐकू येत असणार, ही गोष्ट कक्षात बसून शाल्मलीच्या डोक्यात आली नव्हती. दोन टोके एकमेकांना दिलासा देत होती आणि मध्ये काहीच नव्हते.

"माई, ताई कुठे आहे?"

"खालीच, घरी. आत्ताच बोलणं झालं. घळीतली दरड वाटेवर आलीय, म्हणून वर येता येत नाही. पण सगळे बरे आहेत हो. माझा सुभाष सासरवाडीला खालीच आहे. तासातासाला फोन करतो बिचारा." माईंनी फोन पुढे केला. "ऐक."

"आई, जेवलीस का?" सुभाषचा आवाज होता. "आणि बीपीची गोळी?"

शाल्मलीने घळीकडे पाहिले. खालच्या वाडीची पेटी ज्या माडाला बांधली होती तो माड इथून दिसायला हवा होता. तो दिसत नव्हता.

"माई, त्याला विचारा, समोर काय दिसतंय?"

"काय रे सुभाष, समोर काय दिसतं तुला?"

"काय दिसणार? नेहमीचंच. तू गोळी घेतलीस का?"

"दरड दिसते का? मोठी आहे का?" शाल्मली फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली.

"शालू आहे होय? बरी आहेस ना? आई, तिला सरबत दे."

पडवीतला एक तरुण उठला. तो माईंचा पुतण्या, बाबल्या. "काय चाललंय तुझं? सुभाष्या चांगला बोलतोय आणि तू म्हातारीला घाबरवतेस काय?"

"त्याला असं काहीतरी विचार, बाबल्या, जे फक्त आज तिथे असलेल्या माणसालाच माहीत असेल."

बाबल्याने फोन घेतला. "सुभाष्या, खाडीचं पाणी कुठल्या पायरीला आहे?" थोडे थांबून, "कोण कोण आहे तुझ्याबरोबर? नावं घे." मग आणखी एक प्रश्न, हळू आवाजात. प्रत्येक उत्तर प्रेमळ होते. त्यात एकही पायरी नव्हती, एकही नाव नव्हते. बाबल्याने फोन माईंच्या हातात परत दिला आणि पडवीच्या आढ्यातली कुदळ काढली.

दरडीवरून जाता येण्यासारखे नव्हते. ती अजून ओली होती. ओहोटी होती म्हणून सगळे खाडीच्या कडेने, तिवरांच्या मुळ्या धरून गेले. वाडीचा घळीकडचा भाग जमिनीत गेला होता. तिथे आता घराची खूण म्हणून फक्त एक निळा प्लास्टिकचा पिंप उभा होता. खाडीकडची घरे उभी होती. भाटकरांच्या घरात गुडघाभर चिखल होता आणि कारखान्याच्या माळ्यावर, सरबताच्या क्रेटांवर, माणसे दाटीवाटीने बसली होती.

वृंदाताई शिडीच्या तोंडाशीच होती. डावा हात साडीच्या पट्टीने गळ्यात बांधलेला, उजव्यात फोन. शाल्मलीला पाहून ती हसली नाही, रडलीही नाही. तिने फोनकडे पाहिले आणि मग पुन्हा हिच्याकडे.

"आलीस. दोन दिवस 'निघालेय, निघालेय' करतेयस."

"ताई, मी..."

"पहिल्या रात्री तिकडून आवाज येत होते." तिने मानेने घळीकडे खूण केली. "मी म्हटलं, आपण चौघं जाऊन खणू या. फावडी होती आपल्याकडे. तुला विचारलं. तू म्हणालीस, 'ताई, थांब. ओली दरड हलते. तिथे जाऊ नका. पथक निघालंय, मीपण निघालेय.' मला वाटलं, ही शिकलेली आहे, हिला कळत असेल." तिने ओठ आवळले. "सकाळी आवाज थांबले."

ओली दरड हलते. तिथे पाय ठेवू नये. मदतीची वाट बघावी. मीपण निघते. त्या रात्री ताईचा खरा फोन आला असता तर शाल्मली शब्दन् शब्द हेच म्हणाली असती. अंदाजात चूक नव्हती. त्या अंदाजाला फक्त पाय नव्हते.

"ती मी नव्हते, ताई," ती म्हणाली.

वृंदाताईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "मग कोण होतं?"

तेवढ्यात तिच्या हातातला फोन उजळला. दोघींनीही वाचले. 'ताई, जेवलीस का? मी निघालेय.' खाली शाल्मलीचे नाव होते.

त्या दिवशी दरड खणून काही हाती लागले नाही. भरती येण्याआधी शाल्मलीने सगळ्यांना सड्यावर चढायला सांगितले. तिन्ही वाड्यांना, लहान मुलांना, उचलून न्यायच्या म्हाताऱ्यांनासुद्धा. कोणी कारण विचारले नाही. कातळाभोवती माणसे घराघराने उभी राहिली आणि माईंनी नावे घ्यायला सुरुवात केली. त्यांना सगळे गाव तोंडपाठ होते. खोतांकडे किती? नार्वेकरांकडे? नाव घेतले की कोणीतरी 'आहे' म्हणे. काही नावांनंतर कोणीच बोलत नसे. मग माई थोडे थांबत आणि पुढचे नाव घेत. स्वतःच्या मुलाचे नावही त्यांनी त्याच आवाजात घेतले. त्या वेळी त्यांच्या कनवटीला खोचलेला फोन वाजत होता. त्यांनी तो काढला नाही.

शाल्मली आणि अन्वरभाईंनी दोन बाजूंनी वेगवेगळे मोजले. आकडे जुळले. त्यात आपण दोघे धरलेले नाहीत याची तिने पुन्हा एकदा खात्री केली.

कातळावर उपग्रहाचा धागा पकडता येत होता. तिने संच चालू केला, भराव हाताने बंद केला आणि कक्ष लावला. बराच वेळ नुसती खरखर आली. नुसती खरखर किती दिवसांनी ऐकतेय, असे तिला वाटले.

"गुरव बोलतोय."

"साहेब, मी भाटकर. कोंडसईच्या सड्यावरून बोलतेय. बोटी आणि पथकं पाठवा. सगळी."

"मॅडम, तुम्ही मघाशीच बोललात की. पोचले, सगळं ठीक आहे, लोक घरात आहेत म्हणालात. म्हणून मी सगळी पथकं लाल गावांना पाठवून दिली."

"ती मी नव्हते."

"मी विचारलं होतं, तुम्हीच ना? तुम्ही हसलात. 'साहेब!' म्हणालात. अगदी तुम्ही म्हणता तसंच." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आता हे तुम्ही आहात, हे मी कशावरून समजू?"

शाल्मलीने मागे वळून पाहिले. वृंदाताई कातळाला टेकून उभी होती. माईंनी नावे घेणे संपवले होते आणि सगळे गाव शाल्मलीकडे पाहत होते.

"तुम्हाला अंदाज करता येणार नाही असं सांगेन म्हटलं होतं," ती म्हणाली. "आकडा लिहून घ्या. आम्ही दोघांनी वेगवेगळा मोजलाय. आणि मग समोरचा फलक मला वाचून दाखवा."

"सांगा."

"सड्यावर दोनशे सत्त्याण्णव."

पेन कागदावर घासल्याचा आवाज आला. जनरेटरची घुरघुर आली. मग गुरवांनी फलक वाचला.

"सुरक्षित, तीनशे चौदा."